मार्गपरिचय

रेल्वेच्या वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना रात्री दारावर पडणाऱ्या थापेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सिकंदराबादच्या चिलकलगुडा, मेट्टुगुडा आणि लालागुडा या भागांत पसरलेल्या रेल्वेच्या वसाहतींतून एके काळी रात्री-अपरात्री एक मनुष्य काखेत वही मारून हिंडत असे. त्याला सगळे ‘कॉलबॉय’ म्हणत, मग त्याचे वय पन्नाशीच्या पलीकडे का गेलेले असेना. तो दार ठोठावी, आतून इंजिनाचा ड्रायव्हर डोळे चोळीत बाहेर येई, कंदिलाच्या उजेडात वहीवर सही करी, आणि अमुक गाडीवर अमुक वाजता रुजू व्हावयाचे आहे ही गोष्ट त्या क्षणापासून सरकारी दफ्तरात नमूद होऊन जाई. आता वही गेली, कंदील गेला, बोलावणे खिशातल्या मोबाइलवर येते. परंतु ते केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे अंथरुणावर नुसत्या पडून राहिलेल्या माणसाची जी अर्धवट झोप, ती मात्र होती तशीच राहिली आहे. शरीर आडवे झालेले असते, पण कान दाराशी जागत बसलेले असतात.

नोकरीच्या ठिकाणी चिंतेने ग्रासलेल्या माणसाला आधार कसा द्यावा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बँकेतला कारकून किंवा हायटेक सिटीतल्या काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसलेला तरुण न घेता मी इंजिनाचा ड्रायव्हर घेतला, याला दोन कारणे आहेत. पहिले घरगुती आहे. 1874 मध्ये वाडीहून सिकंदराबादला लोहमार्ग आला, पुढे निझामाच्या हमीवर चाललेल्या कंपनीने तो गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत नेऊन भिडविला, 1930 मध्ये संस्थानच्या सरकारने ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली, आणि 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना होऊन सिकंदराबाद हे तिचे मुख्यालय झाले. 2003 मध्ये तिच्यातच नांदेडचा स्वतंत्र विभाग निघाला. म्हणजे पूर्णा, परभणी, मुदखेड, जालना येथल्या मराठी रेल्वे नोकरांचे धोरण आजही सिकंदराबादच्या रेल निलयमात ठरते. मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण रुळांची सनद हैदराबादेकडेच राहिली असे गमतीने म्हणता येईल.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्याच्या नोकरीत सावधपणा हाच कामाचा आत्मा आहे, आणि तो सावधपणा प्रमाणाबाहेर जाऊन त्याची धास्ती झाली की तीच त्या नोकरीतून बाद होण्याची सबब ठरते, असा ड्रायव्हरासारखा दुसरा नोकर सहसा सापडत नाही.

सावधपणा आणि धास्ती यांच्यातली सीमारेषा कोठे आखावी, हा मानसशास्त्राचा जुना प्रश्न आहे. 1908 मध्ये रॉबर्ट यर्किस आणि जॉन डॉडसन या दोघा अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे कमीअधिक झटके देऊन त्यांना एक पेटी दुसरीपासून ओळखावयास शिकविले, तेव्हा असे दिसून आले की अवघड ओळख शिकताना झटका अगदी सौम्य असला तर उंदीर लवकर शिकत नाहीत आणि फार तीव्र झाला तरीही शिकत नाहीत. मधल्या मापाचा झटकाच सर्वांत कामाचा ठरतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्याच्या पोटात थोडा गोळा येतो तो मुलगा अभ्यास करतो, आणि ज्याच्या पोटातला गोळा घशाशी येतो त्याला पाठ झालेलेही आठवत नाही, ही गोष्ट आपल्या आयाबायांना उंदरांवाचूनच ठाऊक होती. मराठीने तर या मनोवस्थेच्या नाना छटा वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवल्या आहेत. काळजी ही करावयाची असते, घोर लागतो, हुरहूर दाटते, धसका घेतला जातो, जीव टांगणीला लागतो. आणि यांपैकी कितीतरी शब्दप्रयोग शरीराच्याच कोठल्यातरी अवयवाशी जाऊन ठेपतात. छाती धडधडते, हातपाय गळतात, घशाला कोरड पडते. त्यामुळे चिंताविकाराने पछाडलेला मनुष्य मनोविकारतज्ज्ञाकडे क्वचितच जातो; तो पित्ताच्या गोळ्या मागतो, हृदयाचा आलेख काढून घेतो, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यावर आनंदित होण्याऐवजी अधिकच खिन्न होऊन घरी परततो.

हैदराबाद-सिकंदराबादेत अशा माणसाला जो पहिला उपदेश मिळतो तो दखनी भाषेत असतो: ‘टेन्शन नक्को लो, लाइट लेलो.’ यातला ‘नक्को’ हा आपल्या मराठी ‘नको’चाच मुसलमानी पोशाखातला भाऊ होय, आणि शतकानुशतकांच्या शेजाराची ती एक गोड खूण आहे, याबद्दल मला फार ममता वाटते. परंतु चिंताग्रस्ताच्या दृष्टीने याहून निरुपयोगी वाक्य शोधूनही सापडणार नाही. ज्याला चिंता टाकता आली असती त्याने ती कधीच टाकली असती. ती टाकता येत नाही हाच तर त्याचा आजार. वरिष्ठाच्या तोंडून हा उपदेश आला म्हणजे त्यात आणखी एक सूचना दडलेली असते, ती अशी की हा विषय आता येथेच संपला.

याच शहराच्या इतिहासातली एक गोष्ट येथे आठवते. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी वैद्याला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवींच्या गाठी आढळल्या. तोपर्यंत हा ताप दलदलीतल्या दूषित हवेने येतो अशी युरोपात समजूत होती, आणि ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. डास सापडल्यावर रोग्याच्या प्रकृतीला किंवा हवेला दोष देत बसण्यापेक्षा डबकी बुजविणे शहाणपणाचे ठरले. कामाच्या ठिकाणच्या चिंतेबद्दल आपण अद्याप पुष्कळसे हवेच्याच काळात आहोत. ‘मन कमकुवत आहे’, ‘आजकालच्या पोरांना सोसत नाही’ अशी निदाने आपण करतो, पण डबके कोठे साचले आहे ते पाहात नाही.

ते पाहिले कोणी नाही असे मात्र नव्हे. 1979 मध्ये रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने असे प्रतिपादन केले की नुसत्या जड कामाने मनुष्य इतका खचत नाही. काम जड असून ते केव्हा, कसे, किती करावे यावर ज्याचा काहीच ताबा नसतो तो खचतो. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांची वर्षानुवर्षे पाहणी करणाऱ्या मायकेल मार्मट यांच्या अभ्यासातही हेच सूत्र हाती लागले: हृदयविकाराचे प्रमाण साहेबांत नव्हे, तर खालच्या हुद्द्याच्या नोकरांत अधिक होते, आणि कामावरील ताबा कमी असणे हे त्यामागचे एक ठळक कारण होते. आता आपला ड्रायव्हर या चौकटीत ठेवून पाहावा. हजार-दीड हजार माणसे त्याच्या पाठीशी डब्यांत झोपलेली असतात. एक तांबडा सिग्नल नजरचुकीने ओलांडला तर चौकशी, जाबजबाब आणि शिक्षा त्याच्या कपाळी. आणि उद्या आपण कोठे असू, जेवण कोणत्या स्थानकावर होईल, मुलाच्या वाढदिवसाला घरी पोहोचू की नाही, हे मात्र त्याच्या हाती नसते. धावत्या गाडीवरचे काम एका वेळी साधारणपणे 9 तासांपलीकडे लांबू नये, 8 तास किंवा त्याहून अधिक काम करून मुख्यालयी परतल्यावर 16 तासांची विश्रांती मिळावी, आणि त्याखेरीज 30 तासांची नियतकालिक विश्रांती असावी, असे दंडक आहेत. परंतु ती 16 तासांची विश्रांती या 30 तासांतच मोडते की निराळी धरावी, यावर चालकांच्या संघटना वर्षानुवर्षे भांडत आल्या आहेत. बाहेरच्याला हा हिशेबाचा वाद वाटेल, पण कान दाराशी न ठेवता झोपण्याच्या रात्री महिन्यातून किती, असा त्याचा खरा अर्थ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उदासीनता आणि चिंता या दोन विकारांपायी जगात दर वर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात. आपल्याकडील 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि बहुतेक विकारांत दहापैकी सातांहून अधिक रोगी उपचारांपासून दूरच होते.

उपचारांपासून दूर राहण्याचे कारण दर वेळी अज्ञानच असते असे नाही. कित्येकदा ते पक्के व्यवहारज्ञान असते. रेल्वेत डोळ्यांच्या आणि शरीराच्या कसोटीप्रमाणे नोकरांचे वैद्यकीय वर्ग पाडलेले आहेत आणि ड्रायव्हर त्यांतल्या सर्वांत कडक अशा ए-वन वर्गात मोडतो. ठराविक मुदतीने त्याची तपासणी होते, वय वाढत जाईल तशी ती मुदत आखूड होत जाते, आणि तपासणीत तो ‘अनफिट’ ठरला तर इंजिन सुटते. इंजिन सुटले म्हणजे इज्जत जाते, आणि किलोमीटरच्या हिशेबाने मिळणारा भत्ताही बंद होतो. घराचे हप्ते नि मुलांच्या फिया त्या भत्त्याच्या भरवशावर बेतलेल्या असतात. अशा स्थितीत, गेले दोन महिने मला पुलावरून गाडी नेताना गुदमरल्यासारखे होते, हे वाक्य रेल्वेच्या दवाखान्यात उच्चारण्यापूर्वी मनुष्य शंभर वेळा विचार करील, यात नवल ते काय? तो गप्प राहतो. आणि फार झाले तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून, कोणाच्या तरी सांगण्यावरून, झोपेच्या गोळ्या आणतो. सुरक्षिततेसाठी घातलेला धाक असा नेमका असुरक्षिततेला जाऊन मिळतो. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेतलेली औषधे, ज्यांचा गुण यावयास काही आठवडे लागतात, आणि विचारांची मांडणी बदलावयास शिकविणारी संवादचिकित्सा, यांनी चिंताविकार पुष्कळ अंशी आटोक्यात येतो. चोरून घेतलेल्या गुंगीच्या गोळीने मात्र तो इंजिनात जाऊन बसतो.

यंत्रे या कामी कितपत उपयोगी पडतील? विजेच्या इंजिनात एक दक्षतादर्शक साधन बसविलेले असते. ड्रायव्हरने सुमारे 60 सेकंद कोणतीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, भोंगा वाजतो, आणि तरीही त्याने कळ दाबली नाही तर ब्रेक लागतात. मनुष्य जागा आहे एवढेच या यंत्राला कळते. तो सावध आहे की भेदरलेला, हे कळत नाही. 4 मार्च 2022 रोजी सिकंदराबादजवळच्या लिंगमपल्ली-विकाराबाद मार्गावर, गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान ‘कवच’ या स्वदेशी यंत्रणेची चाचणी झाली. एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन इंजिनांपैकी एकात खुद्द रेल्वेमंत्री बसले होते, आणि दुसरे इंजिन 380 मीटरवर असतानाच त्यांचे इंजिन आपोआप थांबले. तांबडा सिग्नल ओलांडण्याची धास्ती अशा यंत्रणेने खरोखरच हलकी होईल, आणि ड्रायव्हराला दिलेला तो एक भरीव आधार ठरेल, असे मला वाटते. शंभर व्याख्यानांपेक्षा एक चांगला ब्रेक बरा.

कायदाही अगदी रिकाम्या हातांचा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातील कलम 20 प्रमाणे, नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आले त्या सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही की त्याचा हुद्दा उतरविता येत नाही. तो आपल्या जागेवर काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा द्यावी, आणि तशी जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद निर्माण करावे, असे त्यात म्हटले आहे. रेल्वेत तर इंजिनावरून उतरून टेबलावर आलेल्या माणसाचे वेतन ठरविताना मूळ पगारात 30 टक्के मिळविण्याचा जुना शिरस्ता आहे. 17 डिसेंबर 2021 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने, केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असा निर्णय दिला की ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण होते त्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई चालविणे हा अप्रत्यक्ष भेदभावच होय. निर्णय दूरगामी आहे. पण अपंगत्वाच्या कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या गंभीर विकारांची आहे. रोज कामावर जाणारा, हसणारा, डबा खाणारा आणि आतून पोखरत चाललेला मनुष्य तीत सहजी बसत नाही. शिवाय जागा बदलून देणे हा उपाय, उपाय असला तरी, ज्याने वीस वर्षे इंजिन चालविले त्याला टोकन वाटण्याच्या खिडकीत बसविणे ही शिक्षा नसून सवलत आहे असे त्याला पटवून देणे अवघड असते. (जाता जाता एक सांगतो: सिकंदराबादेतल्या मनोविकासनगरच्या राष्ट्रीय संस्थेचे नाव ऐकून लोक चिंतेचा रोगी तिकडे न्यावा असे सुचवितात. ती संस्था बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. या दोन गोष्टींची गल्लत सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतूनही होते.)

मग जो मनुष्य नोकरीत आहे, नोकरीतच राहू इच्छितो, आणि ज्याला थोड्या काळाची साथ हवी आहे, त्याचे काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नोकराला शहाणे करण्याआधी त्याच्या वरिष्ठाला शिकविण्यावर भर आहे, आणि तो मला रास्त वाटतो. रेल्वेत हे स्थान लोको इन्स्पेक्टराचे. प्रत्येक इन्स्पेक्टराच्या नावे काही ड्रायव्हर नेमून दिलेले असतात. त्याने त्यांच्याबरोबर इंजिनातून प्रवास करावा, त्यांच्या सवयी पाहाव्यात, घरची अडचण जाणून घ्यावी, अशी अपेक्षा असते. ड्रायव्हरांच्या बायकांना बोलावून, दिवसा झोपलेल्या नवऱ्याला घरात शांतता कशी मिळेल याविषयी त्यांच्याशी बोलण्याचे मेळावेही विभागाविभागांतून भरतात. त्यांत पुष्कळदा सगळा भार त्या माउलीवरच टाकला जातो ही माझी तक्रार आहे; तरीही, नोकराची झोप ही कचेरीच्या आस्थेची बाब आहे हे तत्त्व त्यात मान्य झालेले आहे, आणि ते लहानसहान नाही.

चांगला इन्स्पेक्टर काय करतो? तो ‘काय झाले?’ असे चार लोकांसमोर, ड्रायव्हर हजेरी लावतात त्या लॉबीत, विचारीत नाही. तो इंजिनात, रात्री, समोरच्या रुळांकडे पाहात विचारतो, कारण जेथे एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही तेथे पुरुषमाणसे अधिक बोलतात. रुळांवर कोणी आडवे झाले आणि गाडी वेळेत थांबू शकली नाही, असा प्रसंग पुष्कळ ड्रायव्हरांच्या नोकरीत कधी ना कधी येतो. त्यात त्यांचा कसूर नसतो, पण ते दृश्य पुढे महिनोन् महिने त्याच वळणावर उभे राहते. अशा वेळी खुलासा लिहून घेण्याची घाई न करता प्रथम चहा पाजावा, घरी पोहोचवावे, आणि दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने, पुन्हा महिन्याने विचारपूस करावी. पहिल्या दिवशीची सहानुभूती सगळ्यांकडे असते, तिसऱ्या आठवड्यातली कोणाकडे नसते. बोलावण्याची वेळ शक्य तितकी आधी कळवावी, काही दिवस ठरलेल्या लिंकवर, म्हणजे आधीच आखलेल्या गाड्यांच्या पाळीवर, ठेवावे, तोंडी ताकिदीऐवजी लेखी सूचना द्यावी, आणि त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लॉबीतल्या बाकावर पोहोचू देऊ नये. एकदा ती तेथे पोहोचली की त्या इन्स्पेक्टराला पुन्हा कोणी काही सांगणार नाही, आणि त्याच्या हाताखालचे सगळे ड्रायव्हर कागदोपत्री ठणठणीत राहतील. ज्याला ओळखीच्या कोणापुढेच बोलावयाचे नाही त्याच्यासाठी 14416 हा ‘टेलिमानस’चा सरकारी दूरध्वनी ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, तेथे नाव-हुद्दा न सांगता मराठीतही बोलता येते.

राहता राहिला परतण्याचा प्रश्न, आणि या बाबतीत रेल्वेला बाहेरून काही शिकण्याची गरजच नाही, असे मला तिचे जुने नियम चाळताना वाटले. कोणताही ड्रायव्हर, कितीही मुरलेला असो, एखाद्या मार्गावर तीन महिन्यांहून अधिक काळ गेला नसेल तर त्याला तेथे एकट्याने गाडी नेऊ देत नाहीत. त्याला ‘एलआर’ देतात, म्हणजे मार्ग शिकण्याच्या फेऱ्या: तीन ते सहा महिन्यांच्या खंडानंतर एक, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या खंडानंतर दोन, त्याहून अधिक असेल तर तीन. दुसरा ड्रायव्हर गाडी चालवितो, हा नुसता उभा राहून पाहतो. चढ कोठे, वळण कोठे, कोणता सिग्नल झाडाआड जातो, हे पुन्हा मनात भरून घेतो, आणि समाधान झाले की मार्ग परिचयाचा झाल्याची सही स्वतःच करतो. सामान्य नियमावलीने तर, ज्या मार्गाचा परिचय नाही तेथे चालकाने माहीतगार रेल्वे नोकराचे साहाय्य घ्यावे, असे त्याच्यावर बंधनच घातले आहे. एलआर घेणाऱ्याला कोणी हसत नाही, त्याच्या सेवापुस्तकात कोणी शेरा मारीत नाही, आणि वाट विसरला म्हणून त्याला कोणी मनाने दुबळा म्हणत नाही.

चिंताविकाराच्या उपचारानंतर डॉक्टरांनी फिट ठरविलेला मनुष्य चार महिन्यांनी परत येतो तेव्हा त्याच्या बाबतीत दोन मार्ग अपरिचित झालेले असतात, एक विकाराबादकडे जाणारा आणि दुसरा त्याच्या आतला. नियमाप्रमाणे पहिल्यासाठी त्याला एक फेरी मिळते. त्याच्या इन्स्पेक्टराने ती एकऐवजी तीन केल्या, दोन दिवसा आणि एक रात्री, तर खर्च काय तो तीन वेळा इंजिनात एक माणूस अधिक उभा राहण्याचा. असा एक ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणावा. पहिल्या फेरीत तो पाठीमागे हात बांधून गप्प उभा आहे. समोर दोघे रिवाजाप्रमाणे प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारीत आहेत आणि तो नुसता ऐकतो आहे. दुसऱ्या फेरीत त्याने चिटगिड्ड्याचा चढ कोठे सुरू होतो ते विचारले. तिसरी फेरी रात्रीची. लिंगमपल्ली मागे पडली आहे, बाहेर काळोख आहे, सहायकाचे लक्ष क्षणभर मीटरकडे गेले आहे, आणि मागून त्याचा आवाज येतो: ‘डिस्टंट, डबल यलो.’